बाबांचा ऑसिलेटर का सरकतो, याविषयी ताईस

ताई,

वाकून नमस्कार. (पत्रातून वाकलेलं दिसत नाही, म्हणून शब्दांत लिहिलं.) तुझी कंबर आता कशी आहे? भावोजींनी साखर खरोखर सोडली, की फक्त तुझ्यासमोर सोडली, तेही कळव. इकडे मी बरा आहे, ही बरी आहे. बाबा कसे आहेत हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं आहे, त्यामुळे ते एका शब्दात उरकणार नाही.

तू विचारतेस, तू फोन केलास की बाबा 'हं, ठीक आहे' एवढं म्हणून रिसीव्हर लगेच माझ्याकडे का देतात. तुझा तर्क असा, की गेल्या खेपेला तू 'तो रेडिओचा संच आता माळ्यावर टाका, खोलीत पाय ठेवायला जागा नाही' म्हणालीस, त्याचा राग त्यांनी धरला आहे. आणि अबोलाच धरायचा असेल तर यापुढे तूही फोन करणार नाहीस. ताई, बाबांना राग धरायला सवडच नव्हती. गेले काही आठवडे ते आरोपी होते आणि मी त्यांचा वकील. (हे फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि फोन बाबांच्या खोलीत आहे.)

दर रविवारी संध्याकाळी बाबा संचासमोर बसतात आणि त्यांची मंडळी हवेत जमते, हे तुला माहीत आहे. डेंटिस्ट, दीपगृहावरून निवृत्त झालेले ते खोकणारे गृहस्थ, आणखी दोघेतिघे. कुणी कुणाला कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. सगळे एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर येतात, पाळीपाळीने बोलतात. हवामान, अँटेना आणि कुणाचे कोणते दात उरलेत यांवर चर्चा होते. आई गेल्यापासून बाबांचं आठवड्याचं बोलणं जवळजवळ तिथेच होतं. आमच्याशी बोलतात, पण ते बोलणं जहाजावर हुकूम द्यावा तसं. (दिवा. दार. चहा.) तर अशा एका रविवारी डेंटिस्टने सगळ्यांसमोर आरोप केला, की तू सरकतोस. बाबा ठरलेल्या जागेवरून हळूहळू वर सरकतात, त्यांना ऐकायला बाकीचे मागे जातात, आणि बैठक संपेपर्यंत सगळी पलटण दुसऱ्याच कुणाच्या गप्पांवर जाऊन आदळते. पूर्वी हे कळत नसे. सगळे मिळून सरकत, त्यामुळे आपण जागेवरच आहोत असं प्रत्येकाला वाटे. आता डेंटिस्टने नवा संच घेतला आहे. त्यावर आकडे दिसतात. आकडे दिसायला लागल्यापासून तो माणूस बिघडला, असं बाबांचं मत आहे.

सगळ्यांसमोर मात्र बाबा एवढंच म्हणाले, की ऑसिलेटर तापत असेल. ऑसिलेटर म्हणजे संचाचा तो भाग, जो आपण हवेत नेमके कुठे आहोत हे ठरवतो. मोठी घुंडी फिरवली की त्याची फ्रिक्वेन्सी बदलते. ऐकणं आणि बोलणं, दोन्ही त्या एकावर चालतं. बाबांचा ऑसिलेटर बाबांनी स्वतः बांधलेला आहे. तो तापून सरकतो हे चारचौघांत कबूल करणं म्हणजे जहाजावर रेडिओ अधिकारी म्हणून घालवलेलं सगळं आयुष्य ताटात काढून डेंटिस्टपुढे ठेवण्यासारखं होतं. त्या रात्री जेवून हात धुतल्यावर मला म्हणाले, 'तू दिवसभर संगणकासमोर बसतोस ना? मग शोध.'

मी म्हटलं शोधतो. तिथे माझं पहिलं चुकलं. (ही म्हणते, त्याच्या आधीही पुष्कळ चुकलं आहे.) ऑफिसात मी सर्किटांचं सिम्युलेशन करतो हे खरं, पण तिथली सर्किटं दुसऱ्यांची असतात आणि बिघडली तर दुसऱ्यांना ओरडा बसतो. हा वडिलांचा ऑसिलेटर. मी ठरवलं की संचाला सोल्डरचा चटका लावायच्या आधी तो जसाच्या तसा सॉफ्टवेअरमध्ये उभा करायचा, तिथे तापवायचा, आणि कोणता भाग हलतो ते शांतपणे पाहायचं. त्यासाठी झाकण उघडून एकेक भाग मोजणं आलं. बाबा मागे उभे. मी चिमटा उचलला की ते श्वास रोखत आणि ठेवला की सोडत. आत सगळं स्वच्छ होतं. तारेचे वेढे एकाला एक चिकटून, एकही ढळलेला नाही, आणि ते ढळू नयेत म्हणून वरून कसला तरी गडद जांभळा लेप. मी विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, 'नेलपॉलिश.' कुणाची? ते खिडकीबाहेर बघू लागले. ताई, कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या सकाळी तुझी जांभळी बाटली हरवली होती आणि तू माझे कान पिरगाळले होतेस, ती बाटली इथे आहे. इतकी वर्षं बाबांच्या फ्रिक्वेन्सीला तिनेच धरून ठेवलं आहे. माझ्या कानांचं काय ते नंतर बघू. सॉफ्टवेअरमध्ये नेलपॉलिश भरायला जागा नाही.

सर्किट काढलं, आकडे भरले, आणि बाबांना बोलावलं. (दुसरं चुकलं ते हे.) ते चष्मा पुसून खुर्ची ओढून बसले. मी चालू केलं. पडद्यावर एक सरळ रेषा आली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. ती सरळच राहिली. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, 'मेलाय.' मी म्हटलं मेलेला नाही, सुरू झालेला नाही. त्याचं कारण मला त्या संध्याकाळी नीट सांगता आलं नाही, तुला सांगतो. खऱ्या सर्किटात कायम कसली तरी बारीक खुसखुस चालू असते. त्या खुसखुशीतलीच एखादी लहर पकडून ऑसिलेटर स्वतःला झोके देत मोठा करतो. सॉफ्टवेअरमध्ये खुसखुस नसते. तिथे सगळं इतकं नेमकं आणि नीटनेटकं असतं की काही सुरू व्हायला निमित्तच मिळत नाही. कुणीतरी मुद्दाम ढकलावं लागतं. एखाद्या कॅपॅसिटरवर सुरुवातीला कणभर व्होल्टेज आहे असं खोटं सांगावं लागतं. (ही म्हणाली, म्हणजे तुमच्यासारखंच. मी दुर्लक्ष केलं.) मी ढकललं. रेषा थरथरली, लाट झाली, लाट मोठी झाली. बाबा पुढे झुकले. लाट आणखी मोठी झाली. ती मोठी होत पडद्याबाहेर गेली, कारण ट्रान्झिस्टरच्या जागी मी सोयीसाठी एक आदर्श अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता, आणि आदर्श असल्यामुळे त्याला 'पुरे' हा शब्दच ठाऊक नव्हता. छोट्याशा बॅटरीवर आमचा ऑसिलेटर आता अख्ख्या गावाला पुरेल एवढी वीज काढत होता. बाबा उठले, खुर्ची जागेवर ठेवली, म्हणाले, 'वीजकंपनीला कळव,' आणि झोपायला गेले.

मग मी खरा ट्रान्झिस्टर घातला, कॉइलला तिची खरी गळती दिली, आणि लाट वठणीवर आली. पुढची अडचण वेळेची. हा ऑसिलेटर एका सेकंदात लक्षावधी झोके घेतो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक झोका हाताने मोजल्यासारखा मोजतं. बाबांच्या एका 'हॅलो'एवढा काळ पुरा करायला संगणकाला अख्खी दुपार लागली. पंखा असा घोंघावत होता की शेजारणीने हिला विचारलं, गिरणी टाकलीत का? मी सबंध बैठकीचा नाद सोडला. छोटे छोटे तुकडे घेतले; एक थंडीतला, एक उन्हातला, एक संचाच्या पोटात असतो तेवढ्या उष्म्यातला; आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सी शेजारी शेजारी मांडल्या. बाबा दारातून विचारायचे, 'सरकतोय?' मी म्हणायचो, बघतोय. रविवार जवळ येत होता. शुक्रवारी ते दारात यायचे थांबले. ते जास्त वाईट होतं.

उत्तर आलं ते असं, की सरकत नाही. म्हणजे सरकतो, पण डायलवर केसभर. डेंटिस्ट म्हणतो त्याच्या पासंगालाही नाही. मी मॉडेल पुन्हा तपासलं. प्रत्येक भागाला मुद्दाम खराबातला खराब आकडा दिला. तरी केसभरच. आता दोनच शक्यता होत्या: माझं सॉफ्टवेअर खोटं बोलतंय, किंवा डेंटिस्ट. शहानिशा करायला मी खऱ्या संचाला आकडे दाखवणारा काउंटर जोडला आणि ऑसिलेटरवर हिचा हेअर ड्रायर सोडला. (हिने विचारलं, कुणाचं डोकं भिजलंय?) संचाचा पत्रा हात लावू देईना इतका तापला. काउंटरचे आकडे ढिम्म. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी तुला नक्की सांगू शकत नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता. त्यांनी ड्रायरची वायर गुंडाळली आणि म्हणाले, 'मग?'

मग रविवार. काउंटर मी जोडूनच ठेवला आणि बाबांच्या मागे स्टुलावर बसलो. बैठक सुरू झाली. बाबा बोलले, दमट हवेचा विषय निघाला, आकडे दगडासारखे. दीपगृहवाले खोकून बोलायला लागले आणि आकडे हलले. मला वाटलं वायर सैल झाली. घट्ट केली. बाबा बोलले, आकडे स्थिर, फक्त मघापेक्षा थोडे वर. डेंटिस्ट बोलू लागला, आकडे पुन्हा हलले. तापला असता तर बाबा बोलत असताना तापला असता. बोलताना संचाला सगळ्यात जास्त ताण असतो. हा ऐकताना सरकत होता. मी आकड्यांवरून नजर काढून बाबांच्या हातावर नेली. हात मोठ्या घुंडीवर होता, नेहमी असतो तसा, आणि दोन बोटं घुंडीला हळूच, मांजर कुरवाळावं तशी, पुढे नेत होती. डेंटिस्ट बोलत राहिला, बोटं जात राहिली. संचातून येणारा त्याचा आवाज मला आता घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. बाबांचा चेहरा मात्र निवळला होता. आता त्यांना समजत होतं.

ताई, हे नीट वाच. या प्रकारच्या रेडिओवर घुंडी जराशी इकडेतिकडे झाली की माणसाचा आवाज बदलतो. एका बाजूला गेलं की बदकासारखा बारीक, दुसऱ्या बाजूला गेलं की जाड. बाबांच्या कानांना बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत. 'स' आणि 'फ' त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून बोटं घुंडी फिरवून समोरच्याचा आवाज जाड करून घेतात. पण बोलणंही त्याच ऑसिलेटरवर. बाबा बोलतात ते नव्या जागेवरून. डेंटिस्टला ते बदकासारखे ऐकू येतात, म्हणून तो आपली घुंडी फिरवून त्यांच्यामागे जातो. तो आला की त्याचा आवाज बाबांना पुन्हा बारीक. बोटं पुन्हा पुढे. अशी ही सगळी म्हातारी माणसं एकमेकांना ऐकण्यासाठी एकमेकांच्या मागे चढत जातात. ऑसिलेटरमध्ये काहीही बिघाड नाही. तुझं नेलपॉलिश उत्तम आहे.

हे मला स्टुलावर कळलं आणि तिथे बोलता येईना, कारण मायक्रोफोन चालू होता. तेवढ्यात पलटण आदळली. कुणी परकी माणसं बोटीच्या इंजिनाविषयी बोलत होती, त्यांच्यात आमची मंडळी घुसली, शिवीगाळ झाली. डेंटिस्टचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. 'पुरे झालं हं आता. पुढच्या रविवारी सरकलास तर तू नुसतं ऐकायचं. बोलायचं नाही.' नुसतं ऐक, असं सांगताना आपण नेमकं काय मागतोय हे त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हतं. बाबांनी मायक्रोफोन खुंटीला अडकवला. संचावर कापड घातलं, चारही कोपरे ओढून. म्हणाले, 'ताई म्हणत होती तेच बरोबर. माळ्यावर टाक.' मी म्हटलं, माझं मॉडेल पुरं होऊ द्या. म्हणाले, 'कशाला?'

तो आठवडा या घरात कसा गेला विचारू नकोस. माळ्याची शिडी बाबांनी स्वतः आणून भिंतीला टेकवून ठेवली होती. येताजाता ती पायात येई. मी ऑफिसातून आलो की आधी संच जागेवर आहे का बघायचो. हिचं म्हणणं, सरळ सांगा. मी सरळ सांगायला दोनदा त्यांच्या खोलीत गेलो. एकदा घड्याळाला चावी देऊन परत आलो. दुसऱ्यांदा 'बाबा, कान' एवढं म्हणालो, आणि त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मी म्हटलं, 'कान दुखतोय. माझा.' त्यांनी मला थेंब घालायला लावले.

शेवटी मी पुन्हा सॉफ्टवेअरपाशी गेलो. आता प्रश्न स्पष्ट होता: ऐकताना ऑसिलेटर सरकू द्यायचा आणि बोलताना जागेवर आणायचा. एक छोटा डायोड मिळतो. त्याला द्यायचा व्होल्टेज कमीजास्त केला की तो इवल्याशा कॅपॅसिटरसारखा बदलतो. तो कॉइलच्या कडेला टांगायचा, त्याला वेगळी छोटी घुंडी द्यायची, आणि बोलायचं बटण दाबलं की ही घुंडी आपोआप बाजूला व्हावी अशी व्यवस्था करायची. किती सरकावं, बोलायला लागल्यावर तो मूळ जागी नेमका परत येतो की नाही, हे सगळं मी मॉडेलवर पाहिलं. परत येत होता. मी इतका खूश झालो की त्याला ढकलायला विसरलो आणि पुढच्या वेळी पुन्हा सरळ रेषा बघत बसलो. शनिवारी बाबांना म्हटलं, दोष सापडला. म्हणाले, 'कुठे?' मी म्हटलं, त्यांच्यात. बाकीच्यांचे संच सरकतात. ही छोटी घुंडी घातली की त्यांचं सरकणं तुम्ही इथल्या इथे सांभाळून घ्यायचं, आपण हलायचं नाही. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, 'मला संशय होताच. डेंटिस्टचा.' आणि भिंग काढलं. सोल्डर त्यांनीच केलं. माझ्याकडे विजेरी धरायचं काम होतं, आणि ती मी वाकडी धरतो असं तीनचारदा ऐकावं लागलं.

काल रविवार होता. मी स्टुलावर, ही दारात, शिडी भिंतीला. दीपगृहवाले खोकून बोलायला लागले. बाबांचा हात सवयीने मोठ्या घुंडीवर गेला. ती दोन बोटं तिथे थांबली, उचलली गेली, आणि छोट्या घुंडीवर आली. आवाज जाड झाला. बाबांची पाळी आली, त्यांनी बटण दाबलं. काउंटरचे आकडे टुणकन मूळ जागी. पुन्हा डेंटिस्ट, पुन्हा बाबा. मूळ जागी. मी सबंध वेळ स्टुलाची कड इतकी घट्ट धरली होती की अजून बोटं वळत नाहीत. (अक्षराबद्दल माफ कर.) बैठक संपेपर्यंत पलटण कुठेही गेली नाही. शेवटी डेंटिस्ट म्हणाला, 'आज काय रे, खुर्चीला खिळून घेतलंस का?' बाबा म्हणाले, 'तुझा संच तेवढा दाखवून घे कुणाला तरी.' कापड न घालताच उठले, आणि जेवताना दोन वाक्यं बोलले. दोन्ही डेंटिस्टविरुद्ध होती.

असं सगळं छान झालं आहे. तू काळजी करू नकोस. भावोजींना नमस्कार, मुलांना माझा आणि हिचा पाठीवर हात.

तुझा,
विनाकारण कान पिरगाळला गेलेला भाऊ

ता. क. खरं तर पत्र यासाठी लिहिलं. बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेणं माझ्याच्याने होणार नाही. मी त्यांना सांगून बसलो आहे की दोष इतरांचा आहे. तू कंबरेसाठी पुढच्या महिन्यात इथल्या डॉक्टरांकडे येणारच आहेस. कंबर आणि कान एकाच इमारतीत तपासतात. 'सोबत चला' म्हण. तुला ते नाही म्हणत नाहीत. आणि तोवर फोन बंद करू नकोस. तुझा आवाज बारीक आहे, आणि फोनला घुंडी नाही. त्यांना तू ऐकूच येत नाहीस. शाळेत तू मुख्याध्यापकांची नक्कल करायचीस त्या आवाजात बोलून बघ.

दुसरा ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणते, सगळं छान झालं असं का लिहिलंत? ती छोटी घुंडी काल पहिल्याच माणसाला अगदी शेवटपर्यंत फिरली होती, आणि त्यापुढे ती जात नाही. मी आत्ता जाऊन पाहिलं. शेवटालाच आहे. तेव्हा कंबर जरा लवकर दुखू देता आली तर बघ.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बाबा आले. कुणाला, म्हणाले. मी म्हटलं, ताईला, ऑसिलेटरचं. दारातच उभे राहिले. मग म्हणाले, 'तसली एक घुंडी टेलिफोनला लावता येते का बघ. तुझ्या त्या संगणकात.' मी म्हटलं, टेलिफोनला काय झालंय? 'काही नाही. टेलिफोन चांगला आहे. तिच्याकडचाही चांगला आहे. बिघाड तिच्याकडे नाही, तेवढं तिला लिही.'

लिहिलं.